पुंड्रवर्धन

पुंड्रवर्धन हा प्राचीन बंगालच्या उत्तर भागातील एक प्रदेश होय. त्याची राजधानी पुंड्रनगर करतोया नदीच्या पश्चिम काठावर होती. बांगलादेशातील बोगुडा शहराच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर असलेले महास्थानगड हे स्थळ म्हणजेच हे प्राचीन नगर, असे आता सर्वमान्य झाले आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून इ. स. च्या बाराव्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षे, हे नाव शिलालेखांत, ताम्रपटांत आणि ग्रंथांत सातत्याने आढळते. वैदिक वाङ्मयाने ज्या पुंड्रांना आर्य समाजाच्या कडेला बसवले, त्यांच्याच भूमीत आपत्तीच्या काळी धान्य देण्याचा लेखी आदेश निघाला आणि जमीनविक्रीची नोंद ठेवणारी दप्तरे उभी राहिली. त्यामुळे या प्रदेशाचा इतिहास राजवंशांपुरता मर्यादित राहत नाही. पूर्व भारतातील सामान्य कारभार कसा चाले, याची माहितीही त्यातून मिळते.

नाव

पुंड्र हे मुळात एका जनसमूहाचे नाव आहे. पुढे ते त्या लोकांच्या वस्तीच्या भूमीला लागले. संस्कृतात ‘पुंड्र’ हे उसाच्या एका जातीचेही नाव असल्यामुळे उसाच्या लागवडीवरून लोकांना हे नाव मिळाले, असे काही अभ्यासक मानतात. लोकांच्या नावावरून उसाला नाव पडले असावे, असा उलट तर्कही केला जातो. जाड उसासाठी हिंदीत रूढ असलेला ‘पौंडा’ हा शब्द याच मूळ शब्दापासून आला आहे. बंगालच्याच ‘गौड’ या दुसऱ्या प्रादेशिक नावाचा संबंध गुळाशी जोडला जातो, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्राकृत लेखांत या नावाची रूपे वेगळी दिसतात. महास्थान येथील शिलालेखात राजधानीचा उल्लेख ‘पुडनगल’ असा आहे, तर सांची येथील स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत ‘पुनवढन’ हे गावाचे नाव येते. प्रदेश, नगर आणि पुढे शासकीय प्रांत या तिन्ही अर्थांनी पुंड्रवर्धन हे नाव वापरले गेले. म्हणून कोणताही जुना उल्लेख वाचताना त्यातील नाव कोणत्या अर्थाने आले आहे, हे प्रथम ठरवावे लागते.

भौगोलिक स्वरूप

मूळ पुंड्रवर्धनाच्या सीमा नद्यांनी आखलेल्या होत्या. पूर्वेस करतोया, पश्चिमेस महानंदा आणि दक्षिणेस गंगा (बांगलादेशातील पद्मा) यांच्यामधील भूभाग म्हणजे या प्रदेशाचा गाभा. आजच्या नकाशावर बांगलादेशातील बोगुडा, राजशाही, नौगाव, दिनाजपूर व रंगपूर या परिसराचा बराच भाग आणि भारताच्या पश्चिम बंगाल राज्यातील मालदा व दक्षिण दिनाजपूर हे जिल्हे त्यात येतात.

या भूभागाच्या मध्यावर बरिंद हा उंचवटा आहे. वरेंद्र किंवा वरेंद्री या जुन्या नावाचेच ‘बरिंद’ हे आजचे रूप. बंगालचा बहुतेक मैदानी प्रदेश नद्यांनी अलीकडच्या काळात आणलेल्या गाळाचा आहे. बरिंदची तांबूस, चिकट माती मात्र फार जुन्या गाळाची असून तिची गणना भूशास्त्रज्ञ प्लाइस्टोसीन काळात करतात. भोवतालच्या सखल मैदानापेक्षा ही जमीन काही मीटर उंच असल्यामुळे पुराचे पाणी तिच्यावर सहसा चढत नाही. नदीपात्रे वारंवार बदलणाऱ्या बंगालमध्ये अशी स्थिर, कोरडी जमीन दुर्मीळ असते. नगरे, विहार आणि मंदिरे येथे शतकानुशतके एकाच जागी टिकून राहिली, यामागे हे एक मोठे कारण आहे. दगडाचा अभाव असल्याने येथील बहुतेक बांधकाम भाजलेल्या विटांचे आहे.

करतोया आज एक क्षीण प्रवाह आहे. प्राचीन काळी मात्र ती उत्तर बंगालमधील मोठी नदी होती. महाभारताच्या वनपर्वात तिची गणना तीर्थांमध्ये केलेली आहे. पुंड्रवर्धन आणि पूर्वेकडील कामरूप (आसाम) यांच्यामधील सीमाही तीच होती. हिमालयातून उतरणारी तिस्ता पूर्वी करतोया, आत्रेयी आणि पुनर्भवा या तीन प्रवाहांतून दक्षिणेकडे वाहत असे. इ. स. १७८७ च्या महापुरात तिस्तेने आपले पात्र सोडले आणि आग्नेयेकडे वळून ती ब्रह्मपुत्रेला मिळाली. त्यामुळे या तिन्ही नद्यांना मिळणारे पाणी तुटले. महास्थानगडाच्या तटाजवळून आज वाहणारी बारीक करतोया पाहून येथे एके काळी नदीवर अवलंबून असलेले संपन्न नगर होते, यावर विश्वास बसणे कठीण जाते. त्याचा उलगडा नदीच्या या इतिहासात आहे.

प्राचीन साहित्यातील उल्लेख

पुंड्रांचा सर्वांत जुना उल्लेख ऐतरेय ब्राह्मणात येतो. विश्वामित्राने शुनःशेपाला पुत्र मानले, ते त्याच्या थोरल्या पन्नास पुत्रांना रुचले नाही. तेव्हा त्याने त्यांना शाप दिला आणि त्यांचे वंशज आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद व मूतिब हे सीमेवरील लोक झाले, अशी ही कथा आहे. बौधायन धर्मसूत्रात पुंड्र, वंग, कलिंग इत्यादी देशांत जाऊन आलेल्यास प्रायश्चित्त सांगितले आहे. मनुस्मृतीने पौंड्रकांना संस्कारलोपामुळे पतित झालेल्या क्षत्रियांत गणले आहे. महाभारतातील कथेनुसार अंग, वंग, कलिंग, पुंड्र व सुह्म हे पाच भाऊ बली राजाच्या राणीला दीर्घतमा ऋषीपासून झाले. श्रीकृष्णाचे नाव व चिन्हे धारण करून त्याच्याशी स्पर्धा करणारा पौंड्रक वासुदेव हाही याच प्रदेशाचा राजा मानला जातो.

हे उल्लेख एकत्र वाचले असता त्यांतील क्रम ध्यानात येतो. आधी शापित, नंतर पतित, मग राजवंशाच्या वंशावळीत सामावलेले, अशी पुंड्रांची प्रतिमा बदलत गेली. ही सर्व वर्णने मध्यदेशातील ग्रंथकारांनी केलेली असून त्यांतून लेखकांची दृष्टी जितकी समजते तितकी पुंड्रांची स्थिती समजत नाही.

कौटिलीय अर्थशास्त्रातील उल्लेख निराळ्या प्रकारचा आहे. त्यात उत्तम वस्त्रांच्या यादीत पुंड्र देशाचे दुकूल येते. ते श्याम वर्णाचे आणि रत्नासारखे गुळगुळीत असते, असे त्याचे वर्णन आहे. जैन कल्पसूत्रात गोदासगणाच्या चार शाखांची नावे आहेत; त्यांत ताम्रलिप्तिका व कोटिवर्षीया यांच्याबरोबर पुंड्रवर्धनीया ही शाखा येते. व्यापारी व श्रमण परंपरा या भूमीकडे बहिष्कृत देश म्हणून पाहत नव्हत्या, हे यावरून दिसते.

मौर्यकाळ आणि महास्थानचा शिलालेख

महास्थानगड येथे १९३१ मध्ये चुनखडीच्या दगडाचा एक लहान तुकडा सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत काही ओळी कोरलेल्या आहेत. अक्षरांच्या वळणावरून तो इ. स. पू. तिसऱ्या शतकातील ठरतो. बंगालमध्ये मिळालेला हा सर्वांत जुना शिलालेख मानला जातो. तो सध्या कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये आहे.

या लेखात पुंड्रनगरातील महामात्राला दिलेला एक आदेश आहे. तेथील लोकांना कोठारातून धान्य द्यावे; आपत्ती टळून सुकाळ आल्यावर त्यांनी गंडक आणि काकणिक या नाण्यांनी कोश व धान्याने कोठार पुन्हा भरावे, असा त्याचा आशय आहे. पाणी, अग्नी आणि पोपटांचे थवे या आपत्तींचा त्यात निर्देश आहे. पिकांवर पडणारे पोपट हे त्या काळच्या शेतकऱ्यापुढील खरेखुरे संकट होते. कौटिलीय अर्थशास्त्रातही दुर्भिक्षाच्या वेळी राजाने बी-बियाणे व अन्न देऊन प्रजेवर अनुग्रह करावा, असे सांगितले आहे. महास्थानचा लेख हा त्या धोरणाचा प्रत्यक्ष नमुना होय.

या लेखाचे संपादन देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या नियतकालिकात केले. प्राच्यविद्यापंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे ते पुत्र असून कलकत्ता विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक होते. मदत मिळालेल्या लोकांचे नाव भांडारकरांनी ‘संवंगीय’, म्हणजे वंगांचा संघ, असे वाचले. बेणीमाधव बरुआ यांनी तेथे बौद्ध ‘षड्वर्गीय’ भिक्षूंचा संबंध सुचवला. वाचनाबाबत असे मतभेद असले, तरी धान्य कर्जाऊ देणारे राजकीय कोठार आणि त्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी येथे होता, याविषयी शंका राहत नाही.

दिव्यावदान या बौद्ध ग्रंथात अशोकाच्या संदर्भात पुंड्रवर्धनाची एक कथा आहे. निर्ग्रंथाच्या पायाशी बुद्ध वाकला आहे, असे चित्र येथे काढले गेल्याचे कळताच अशोकाने आजीविकांची मोठी कत्तल करवली, असे ती सांगते. तिला ऐतिहासिक पुरावा मानता येत नाही. परंतु बौद्ध, जैन आणि आजीविक हे तिन्ही पंथ या नगरात एकमेकांशेजारी नांदत होते, ही आठवण तिच्यात शिल्लक आहे.

गुप्तकाळातील कारभार

गुप्त साम्राज्यात पुंड्रवर्धन ही एक ‘भुक्ती’, म्हणजे मोठा प्रांत होती. भुक्तीचे ‘विषय’, म्हणजे जिल्हे, असे विभाग पाडलेले होते. या व्यवस्थेची सर्वांत चांगली माहिती दिनाजपूर जिल्ह्यातील दामोदरपूर येथे १९१५ मध्ये सापडलेल्या पाच ताम्रपटांतून मिळते. राधागोविंद बसाक यांनी त्यांचे संपादन केले. त्यांतील पहिला गुप्त संवत् १२४ (इ. स. ४४३-४४) मधील असून शेवटचा गुप्त संवत् २२४ (इ. स. ५४३-४४) मधील आहे.

पहिल्या कुमारगुप्ताच्या कारकिर्दीत पुंड्रवर्धन भुक्तीचा ‘उपरिक’ चिरातदत्त होता. त्याच्या हाताखाली कोटिवर्ष विषयाचा कारभार कुमारामात्य वेत्रवर्मन् पाहत असे. वेत्रवर्मन् एकट्याने निर्णय घेत नव्हता. नगरश्रेष्ठी, सार्थवाह, प्रथमकुलिक आणि प्रथमकायस्थ या चौघांसह त्याचे ‘अधिकरण’ बसे. म्हणजेच सावकार-व्यापाऱ्यांचा प्रमुख, तांडे घेऊन जाणाऱ्यांचा प्रतिनिधी, कारागिरांचा मुख्य आणि लेखनिकांचा मुख्य यांना कारभारात स्थान होते.

जमीन खरेदीची पद्धत ठरलेली होती. खरेदीदार अधिकरणापुढे अर्ज करी. त्यावर ‘पुस्तपाल’, म्हणजे दप्तरदार, जुन्या नोंदी पाहून अभिप्राय देत. मागितलेली जमीन पडीक असून कोणाच्या नावे नाही, अशी खात्री झाली की ठरलेली किंमत भरून घेतली जाई. नंतर जमीन मोजून तिच्या सीमा निश्चित केल्या जात. मोजणीचे एकक ‘कुल्यवाप’ हे होते. एक कुल्य बी पेरण्यास लागणारी जमीन असा त्याचा शब्दार्थ. एका कुल्यवापाचे आठ ‘द्रोणवाप’ होत.

कोटिवर्ष विषयात पडीक जमिनीचा दर कुल्यवापास तीन दीनार (सोन्याचे नाणे) होता. पाचव्या ताम्रपटात अयोध्येच्या अमृतदेव नावाच्या गृहस्थाने अरण्यातील श्वेतवराहस्वामीच्या मंदिरासाठी पाच कुल्यवाप जमीन पंधरा दीनारांना घेतल्याची नोंद आहे. पहिल्या ताम्रपटातील दर शंभर वर्षांनंतरही तसाच राहिला होता. गुप्त सत्ता तोवर खिळखिळी झाली होती. स्थानिक दप्तर मात्र चालू होते.

पहाडपूर येथे मिळालेला गुप्त संवत् १५९ (इ. स. ४७८-७९) मधील ताम्रपट विशेष उल्लेखनीय आहे. नाथशर्मा हा ब्राह्मण आणि त्याची पत्नी रामी यांनी पुंड्रवर्धनाच्या अधिकरणाकडून तीन दीनारांना दीड कुल्यवाप जमीन विकत घेतली. वटगोहाली येथील जैन विहारात अर्हतांच्या पूजेसाठी गंध, धूप, फुले व दिवे यांची सोय व्हावी म्हणून त्यांनी ती दान दिली. हा विहार काशीच्या पंचस्तूप शाखेतील गुहनंदी या आचार्याच्या शिष्यपरंपरेकडे होता. ब्राह्मण दांपत्याने जैन विहाराला दिलेले हे दान तत्कालीन धार्मिक व्यवहारावर प्रकाश टाकते. अशा दानाच्या पुण्याचा सहावा वाटा राजाला मिळतो, असेही ताम्रपटात नमूद आहे.

ह्यूएनत्संगचे वर्णन

चिनी यात्रेकरू ह्यूएनत्संग सातव्या शतकाच्या पूर्वार्धात पुंड्रवर्धनात आला. या देशाचा घेर सुमारे ४,००० ली आणि राजधानीचा घेर सुमारे ३० ली असल्याचे तो लिहितो. दाट लोकवस्ती, जलाशय, फुलबागा आणि विपुल धान्य यांचे वर्णन तो करतो. फणसाचे त्याला विशेष कौतुक वाटले. येथे सुमारे वीस संघाराम व तीन हजारांहून अधिक भिक्षू, तसेच सुमारे शंभर देवमंदिरे होती आणि दिगंबर निर्ग्रंथांची संख्या मोठी होती, असे तो सांगतो. राजधानीच्या पश्चिमेस सुमारे २० ली अंतरावर सातशे भिक्षूंचा एक विहार त्याने पाहिला. महास्थानगडाजवळील भासू विहार हे स्थळ तेच असावे, असे मानले जाते. तेथून पूर्वेकडे एक मोठी नदी ओलांडून तो कामरूपात गेला.

पाल व सेन काळ

आठव्या शतकाच्या मध्यास गोपालाने पाल वंशाची स्थापना केली. वरेंद्री ही पालांची ‘जनकभू’, म्हणजे पितृभूमी, असल्याचे संध्याकर नंदीच्या ‘रामचरित’ या काव्यात म्हटले आहे. गोपालाचा पुत्र धर्मपाल याने पहाडपूर येथे सोमपूर महाविहार उभारला. मधोमध क्रूसाकार भव्य मंदिर आणि चारही बाजूंस भिक्षूंच्या १७७ खोल्या, अशी त्याची रचना आहे. भाजलेल्या मातीची शेकडो शिल्पफलके त्याच्या भिंतींत बसवलेली असून त्यांवर शेतकरी, प्राणी, पक्षी आणि पंचतंत्रासारख्या कथांतील प्रसंग दिसतात. युनेस्कोने १९८५ मध्ये या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. तिबेटी इतिहासकार तारानाथाने धीमान व त्याचा पुत्र बीतपाल या वरेंद्रातील शिल्पकारांची कीर्ती नोंदवली आहे.

अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या महीपालाच्या वेळी दिव्य (दिव्वोक) याच्या नेतृत्वाखाली कैवर्तांनी उठाव केला आणि वरेंद्री पालांच्या हातून गेली. दिव्यानंतर रुदोक व भीम यांनी तेथे राज्य केले. महीपालाचा भाऊ रामपाल याने सामंतांची मदत मिळवून भीमाचा पराभव केला व रामावती ही नवी राजधानी वसवली. ‘रामचरित’ या काव्यातील प्रत्येक श्लोकाचा एक अर्थ रामायणाला, तर दुसरा रामपालाला लागू पडतो. हरप्रसाद शास्त्री यांना १८९७ मध्ये नेपाळात त्याची हस्तलिखित प्रत मिळाली. कवी पालांच्या आश्रयातील असल्यामुळे कैवर्तांची बाजू त्यात विरोधकाच्या दृष्टीने मांडली गेली आहे.

याच काळात पुंड्रवर्धन भुक्तीच्या सीमा आश्चर्यकारकरीत्या विस्तारल्या. दहाव्या शतकातील चंद्रवंशी श्रीचंद्राच्या ताम्रपटात श्रीहट्ट (सिल्हेट) मंडल या भुक्तीत दाखवले आहे. सेन राजा विजयसेनाच्या ताम्रपटात आजच्या चोवीस परगण्यातील खाडी विषय तिच्यातच येतो. उत्तर बंगालचे नाव अशा रीतीने थेट समुद्रापर्यंत पोचले. येथे लोकांचा मूळ प्रदेश वाढला नव्हता, शासकीय प्रांताची व्याप्ती वाढली होती. हा भेद न केल्यास पुंड्रवर्धनाच्या स्थानाविषयी मोठा घोटाळा होतो.

तेराव्या शतकाच्या प्रारंभी बख्तियार खल्जीने सेनांचा पराभव केला. लखनौती व देवकोट ही नवी सत्ताकेंद्रे झाली. देवकोट म्हणजे जुने कोटिवर्षच. दक्षिण दिनाजपूरमधील बाणगड येथे त्याचे अवशेष आहेत. पुंड्रवर्धन हे नाव मात्र यानंतर राजव्यवहारातून लोपले आणि वरेंद्र हे नाव प्रदेशापुरते उरले.

पुरातत्त्वीय संशोधन

फ्रान्सिस बुकानन हॅमिल्टन याने १८०८ मध्ये महास्थानच्या अवशेषांची पाहणी केली. पुंड्रवर्धनाच्या जागेविषयी त्यानंतर अनेक तर्क झाले. अलेक्झांडर कनिंगहॅम याने १८७९ मध्ये ह्यूएनत्संगच्या वर्णनाशी ताडून महास्थानगड हेच ते नगर असल्याचे प्रतिपादन केले. १९३१ च्या शिलालेखातील ‘पुडनगल’ या शब्दाने त्याला पुष्टी मिळाली.

राजशाही येथे १९१० मध्ये शरत्कुमार राय, अक्षयकुमार मैत्रेय व रमाप्रसाद चंद यांनी वरेंद्र संशोधन समिती स्थापन केली. तिच्या आणि कलकत्ता विद्यापीठाच्या सहकार्याने पहाडपूरचे उत्खनन १९२३ मध्ये दे. रा. भांडारकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. पुढे ते काशिनाथ नारायण दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने तडीस नेले. महास्थानगड येथील पहिले पद्धतशीर उत्खननही दीक्षितांनीच १९२८-२९ मध्ये केले. बाणगडचे उत्खनन कुंजगोविंद गोस्वामी यांनी १९३८ ते १९४१ या काळात केले. महास्थानगड येथे १९९३ पासून बांगलादेश व फ्रान्स यांच्या संयुक्त पथकाने काम केले. त्यात उत्तरी काळी झिलईदार मृद्भांडी, आहत नाणी आणि मौर्यकाळापर्यंत मागे जाणारे वस्तीचे थर आढळले.

महास्थानगडाचा तटबंदीयुक्त भाग उत्तर-दक्षिण सुमारे दीड किलोमीटर व पूर्व-पश्चिम सुमारे १.४ किलोमीटर आहे. आत बैरागीर भिटा, खोदार पाथर भिटा आणि जियत कुंड ही विहीर आहे, तर तटाबाहेर गोविंद भिटा आहे. जवळच्या गोकुल मेढ या अवशेषात मातीने भरलेल्या १७२ कोठड्या असून लोकपरंपरा त्याला बेहुला व लखिंदर यांचे शयनगृह म्हणून ओळखते. गडाच्या आग्नेय कोपऱ्यावर शाह सुलतान बल्खी माहीसवार यांचा दर्गा आहे. करतोयेच्या शीलादेवी घाटावर हिंदू भाविक पर्वकाळी स्नानासाठी जमतात.

सद्यःस्थिती

तटबंदीच्या आत आजही शेती आणि वस्ती आहे. नांगरट, नवी बांधकामे आणि जुन्या विटांचा पुनर्वापर यांमुळे अवशेषांची हानी होत आली आहे. ग्लोबल हेरिटेज फंड या संस्थेने २०१० मध्ये भरून न येणाऱ्या हानीच्या उंबरठ्यावर असलेल्या जगातील १२ स्थळांत महास्थानगडाचा समावेश केला. गडाचा फार थोडा भाग आजवर खणला गेला आहे. पुंड्रवर्धनाविषयीची आपली बरीचशी माहिती एका हातात मावेल एवढ्या दगडावर आणि मोजक्या ताम्रपटांवर उभी आहे. हे लेखही योगायोगाने टिकलेले आहेत. त्यामुळे न खणलेली जमीन सुरक्षित राखणे हे या प्रदेशाच्या पुढील अभ्यासासाठी सर्वांत आवश्यक काम आहे.